विश्लेषण : हाताळल्याने साप खरेच शांत होतो का? हेमलकसा ते घरातला ‘बॉल पायथन’…

भामरागड तालुक्यातील हेमलकसा म्हटले की बिबट्यांशी खेळणाऱ्या, हातात अलगद साप धरणाऱ्या डॉ. प्रकाश आमटे यांची छायाचित्रे डोळ्यांसमोर येतात. ती पाहून अनेकांना प्रश्न पडतो, साप माणसाळतो का? दुसरीकडे शहरांत ‘बॉल पायथन’, ‘कॉर्न स्नेक’ असे परदेशी बिनविषारी साप पाळणारे तरुण दिसू लागले आहेत. त्यांची अडचण वेगळी असते. आणलेला साप हात लावू देत नाही, फुसफुसतो, अंगावर येतो. त्याला शांत कसे करायचे? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी एकच आहे. मात्र त्याला एक धोक्याची बाजूही आहे. शांत साप आणि सुरक्षित साप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोणस-मण्यारीच्या प्रदेशात हा फरक जिवावर बेतू शकतो.

हेमलकशात प्राणी आले कसे?

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. आलापल्लीच्या पुढे साठेक किलोमीटर जंगलातून गेल्यावर लागणाऱ्या या गावात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया आदिवासींसाठी दवाखाना आणि पुढे शाळा चालवली. या कामासाठी दोघांना २००८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

प्राण्यांची सुरुवात एका माकडाच्या पिल्लापासून झाली. शिकार करून परतणाऱ्या माडियांच्या खांद्यावर मेलेली माकडीण होती आणि तिचे जिवंत पिल्लू तिला बिलगून होते. आमट्यांनी ते पिल्लू मागून घेतले आणि बदल्यात धान्य दिले. शिकार हा माडियांच्या पोटाचा भाग होता, त्यामुळे उपदेश करून उपयोग नव्हता. ‘पिल्ले मारू नका, आमच्याकडे आणून द्या’ एवढाच व्यवहार ठरला. त्यातून बिबटे, अस्वले, हरणे, मगरी, साळिंदर, घुबडे आणि साप असे प्राणी जमत गेले आणि वन्यप्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. विलास मनोहर यांचे ‘नेगल’ आणि प्रकाश आमटे यांचे ‘रानमित्र’ ही पुस्तके याच प्राण्यांवरची आहेत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हेमलकशातील बरेचसे सस्तन प्राणी अगदी लहानपणी, आईवेगळे झालेले आले. बाटलीने दूध पाजणाऱ्या माणसाशी त्यांचे नाते जडले. सापाचे तसे नसते. अंड्यातून किंवा आईच्या पोटातून बाहेर आलेले सापाचे पिल्लू पहिल्या दिवसापासून एकटे असते. त्याला आई भरवत नाही, चाटत नाही, शिकवत नाही. बिबट्याच्या बछड्याला जे नाते माहीत असते, ते सापाला मुळात माहीतच नसते. त्यामुळे बिबट्याचे माणसाळणे आणि सापाचे शांत होणे एकाच मापाने मोजता येत नाही.

साप ‘माणसाळतो’ की नुसता सरावतो?

जीवशास्त्राच्या भाषेत सापाच्या बाबतीत जे घडते त्याला ‘सरावणे’ म्हणता येईल. एखादी गोष्ट वारंवार घडते आणि तिच्यातून काहीच वाईट होत नाही, असे अनुभवास आले की प्राणी त्या गोष्टीला प्रतिसाद देणे कमी करतो. रेल्वे रुळांशेजारी राहणाऱ्या माणसाला काही दिवसांनी गाडीचा आवाज जाणवेनासा होतो, तसेच हे आहे. त्या माणसाला रेल्वेविषयी प्रेम वाटू लागलेले नसते. ती अंगावर येत नाही, एवढे त्याच्या मेंदूला पटलेले असते.

साप शिकू शकतो याचे पुरावे आहेत. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात डेव्हिड होल्ट्झमन यांनी १९९९ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत कॉर्न स्नेक जातीच्या सापांनी रिंगणातून बाहेर पडण्याचे छिद्र कुठे आहे, हे सरावाने लक्षात ठेवल्याचे दिसले. झेवियर ग्लाउडास या अभ्यासकाने २००४ मध्ये ‘कॉटनमाउथ’ या अमेरिकी विषारी सापाबाबत निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिंजऱ्यातील सापांसमोर काही दिवस रोज माणसाचा तोच प्रसंग आणल्यावर त्यांच्या बचावाच्या प्रतिक्रिया कमी होत गेल्या. म्हणजे सराव होतो, आणि तो विषारी सापालाही होतो.

पण साप आपल्या मालकाला कुत्र्यासारखा ओढ लागून शोधत येतो, हाक मारल्यावर येतो, डूख धरतो किंवा उपकार स्मरतो, यांपैकी कशालाही आधार नाही. शांत झालेला साप आपल्याला ‘आपला’ मानत नाही. तो आपल्याला धोका मानणे सोडतो, आणि पाळणाऱ्याने तेवढ्यावर समाधान मानायला हवे.

साप घाबरला आहे हे कसे ओळखायचे?

साप चिडका किंवा रागीट असतो असे आपण म्हणतो, पण त्याच्या बहुतेक ‘रागा’मागे भीती असते. घार, मोर, मुंगूस, रानडुक्कर आणि माणूस असे त्याला खाणारे-मारणारे भरपूर आहेत. त्यातले कितीतरी वरून येतात. म्हणूनच पेटीचे झाकण उघडून वरून आत गेलेला हात सापाला शिकाऱ्याच्या पंजासारखा भासतो.

भीतीची लक्षणे जातीनुसार बदलतात. बॉल पायथन डोके आत घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करतो. त्याचे नावच त्यावरून पडले आहे. कॉर्न स्नेक शेपटी थरथरवतो. आपल्याकडची धामणही मान फुगवून घुरघुरल्यासारखा आवाज करते. मानेचा इंग्रजी ‘एस’सारखा वळसा, जोरात फुसफुसणे, झटके देत पळणे आणि दुर्गंधीयुक्त स्राव सोडणे ही सगळी ‘लांब राहा’ असे सांगण्याची रूपे आहेत. चावा हा शेवटचा उपाय असतो. कॉटनमाउथवरच २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिट गिबन्स आणि मायकल डॉर्कस यांच्या अभ्यासात जंगलातील ३६ सापांना कृत्रिम हाताने उचलण्यात आले, तेव्हा त्यांतील १३ चावले. बाकीच्यांनी धमकावले किंवा निसटण्याचा प्रयत्न केला.

उलट, सैलावलेला साप सावकाश सरकतो, जीभ संथपणे आत-बाहेर करतो, हाताला हलकी पकड घेतो आणि नवा कोपरा चाचपत राहतो. सापाची जीभ डंखासाठी नसते. ती हवेतील वासाचे कण उचलून टाळूतील ‘जेकबसन’ नावाच्या इंद्रियाकडे नेते. संथ जीभ म्हणजे साप कुतूहलाने माहिती घेत आहे. जीभ पूर्ण थांबली आणि मान ताठ झाली, तर हात मागे घेण्याची वेळ झाली असे समजावे.

सापाला आपण कसे जाणवतो?

सापाला बाहेरचे कान नाहीत. त्याचा अंतःकर्ण जबड्याच्या हाडाशी जोडलेला असल्याने जमिनीची कंपने त्याला लगेच कळतात. साप पूर्ण बहिरा असतो ही समजूत मात्र बरोबर नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हवेतून येणाऱ्या आवाजालाही साप प्रतिसाद देतात असे आढळले. तरी पुंगीच्या सुरावर नाग डोलतो हे खरे नाही. तो गारुड्याच्या हाताची आणि पुंगीची हालचाल पाहत तिच्या रोखाने फणा वळवत असतो.

अजगर वर्गातील बहुतेक सापांच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. बॉल पायथनला अंधारातही आपला गरम हात जाणवतो. त्या हाताला उंदराचा वास येत असेल, तर हात हे त्याला भक्ष्य वाटू शकते. असा चावा भीतीपोटी नसून भुकेपोटी झालेली गफलत असते. म्हणूनच हात लावण्याआधी साबणाने हात धुणे हा पहिला नियम आहे. त्यात स्वच्छता आहेच, पण सापाला योग्य ओळख देणेही आहे.

घाबरट पाळीव सापाला हाताची सवय कशी लावतात?

पुढील पद्धत कायदेशीरपणे बाळगलेल्या, बिनविषारी, पिंजऱ्यात जन्मलेल्या सापापुरतीच आहे.

पहिला आठवडा हात लावायचा नाही. नवा साप आणला की घरातल्या सगळ्यांना तो दाखवायची घाई होते आणि इथेच बिघडते. त्याला नवी जागा, नवा वास, नवे तापमान यांच्याशी जुळवून घेऊ द्यावे. तो खाऊ लागला, एक-दोन वेळचे भक्ष्य त्याने व्यवस्थित पचवले, की मगच हाताळणीचा विचार करावा.

लपायला जागा द्यायची. पेटीत एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला अशा किमान दोन अंधाऱ्या, अंगाला घट्ट बसतील अशा लपणी हव्यात. लपायला जागा दिली तर साप बाहेर येणारच नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हवे तेव्हा लपता येते हे कळलेला साप जास्त धीट होतो. उघड्यावर पडून राहावे लागलेला साप सतत बचावाच्या पवित्र्यात असतो.

तापमान सांभाळायचे. साप शरीराची उष्णता बाहेरून घेतो. बॉल पायथनला गरम बाजूला ३१-३२ आणि थंड बाजूला २५-२७ अंश सेल्सिअस लागते. थंडीत गारठलेला साप मलूल पडतो आणि आपल्याला वाटते तो शांत झाला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात प्रश्न उलटा असतो. बाहेर पारा ४५ च्या आसपास असताना बंद खोलीतील काचेची पेटी सापासाठी भट्टी ठरते. अस्वस्थ सापाच्या बाबतीत स्वभावाला दोष देण्याआधी थर्मामीटर पाहावा.

बाजूने हात न्यायचा. हात खालच्या पातळीवरून, संथपणे आणि साप पाहू शकेल असा न्यावा. आधी हुकाने किंवा कागदाच्या गुंडाळीने अंगाला हळूच स्पर्श करावा. हा स्पर्श म्हणजे ‘आता जेवण नाही’ ही खूण. दरवेळी तीच खूण दिली तर साप ती ओळखू लागतो.

धरायचे नाही, आधार द्यायचा. अंगाचा मधला भाग तळहातावर आणि उरलेला दुसऱ्या हातावर येईल असे उचलावे. शेपटीला धरून लटकवले तर मणक्याला इजा होऊ शकते. मान दाबली तर सापाला आपण पकडले गेलो, असेच वाटते. तो पुढे सरकत असेल तर एका हातापुढे दुसरा हात धरत राहावे. आपल्याला अडवले जात नाही, हे कळणे त्याला शांत करते.

वेळ थोडा, पण नेमाने. सुरुवातीला पाच मिनिटे पुरेत. आठवड्यातून दोन-तीनदा, शक्यतो एकाच वेळी, एकाच माणसाने हाताळावे. साप आरामात राहू लागला की वेळ वाढवत १५-२० मिनिटांवर न्यावा. एका दिवशी तासभर हाताळण्यापेक्षा महिनाभर थोडे थोडे हाताळणे उपयोगी पडते.

शेवट शांततेत करायचा. साप फुसफुसला की लगेच घाबरून त्याला पेटीत टाकले, तर फुसफुसल्यावर हात जातो हे तो शिकतो. त्यामुळे फुसफुसला तरी हात स्थिर ठेवावा, त्याच्याशी झोंबू नये आणि तो काही क्षण निवांत झाला की अलगद परत ठेवावे. मात्र तो खरेच भेदरला असेल, सारखे झटके देत असेल, तर हट्ट करू नये. त्या दिवसापुरते थांबणेच योग्य.

कधी हात लावूच नये?

खाल्ल्यानंतर किमान ४८ तास. पोट भरलेल्या सापाला उचलले तर तो भक्ष्य ओकून टाकतो आणि त्यातून आजारी पडू शकतो. कात टाकण्याआधी डोळ्यांवर निळसर-दुधाळ पडदा येतो, तेव्हाही नाही. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही आणि कातडे नाजूक असते. एरवी गरीब असलेला सापही या काळात चावू शकतो. आजारी साप, अंड्यावरची मादी आणि जेवणाच्या वेळी टवकारलेला साप यांनाही तसेच सोडावे.

वर्षभर शांत असलेला साप अचानक चिडचिडा झाला, तर ती बहुतेकदा दुखण्याची खूण असते. तोंडातून फेस, श्वासात घरघर, अंगावर सूक्ष्म किडे किंवा कात अर्धवट अडकलेली दिसली, तर हाताळणी बंद करून सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठावा.

घरातल्या माणसांचेही पाहायला हवे. साप दिसायला निरोगी असला तरी त्याच्या विष्ठेतून आणि कातडीवरून ‘साल्मोनेला’ जिवाणू पसरू शकतो. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्तींनी साप हाताळू नये. इतरांनी हाताळल्यानंतर हात धुवावेत आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर साप आणू नये.

बिनविषारी साप चावला तर हात झटकू नये. त्याचे दात आत वळलेले असतात. ओढल्यास आपली जखम वाढते आणि त्याचे दात तुटतात. तोंडावर गार पाण्याची धार धरली की तो सहसा सोडतो. जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे.

नीलिमकुमार खैरे यांच्या प्रयोगातून काय दिसले?

सापासमोर माणसाने कसे वागावे, याचे महाराष्ट्रातील गाजलेले उदाहरण पुण्याचे आहे. १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहण्याचा विक्रम केला. एकही साप त्यांना चावला नाही. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना दाखवणे हा त्यामागचा हेतू होता. अंगावर चढलेल्या सापाला ते हळूच उचलून बाजूला ठेवत. पुढे पुण्यातील कात्रजचे सर्पोद्यान उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला.

या प्रयोगातले साप खैरे यांच्याशी माणसाळलेले नव्हते. बदल सापांत झाला नव्हता, माणूस स्थिर होता. झटका नाही, दाब नाही, पाठलाग नाही. पाळीव सापाच्या हाताळणीतही अर्धे काम हेच असते. घाबरलेला हात थरथरतो, मध्येच मागे जातो, मग एकदम पकडतो. सापाला त्याचा अंदाज येत नाही आणि अंदाज न येणे हीच भीती. म्हणून ज्याला अजून सापाची धास्ती वाटते त्याने आधी पेटीजवळ बसून निरीक्षण करावे आणि स्वतःचा हात स्थिर झाला की मगच सुरुवात करावी.

हा विक्रम जाणकार माणसाने तयारीनिशी केला होता, हेही विसरू नये. तो पाहून कोणी विषारी साप हातात घेतला, तर त्याला त्यातला धडाच कळला नाही असे म्हणावे लागेल.

शांत साप धोकादायक का ठरू शकतो?

पाळीव सापाची सवय अंगवळणी पडली की माणसाचा धीर चेपतो आणि जंगलातल्या सापाविषयीचे भान सुटते. इथेच भामरागडसारख्या भागाचा संबंध येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे भारतात सर्वाधिक बळी घेणारे चार साप. यातला नाग फणा काढून इशारा देतो. फुरसे अंगाचे खवले घासून करकर आवाज करते. पण मण्यार?

मण्यार दिवसा अत्यंत सुस्त असते. डिवचले तरी अनेकदा वेटोळ्यांत डोके लपवते. बिनविषारी कवड्या समजून तिला हातात घेणाऱ्यांना ती गरीब वाटते. तीच मण्यार रात्री चपळ असते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चाव्याच्या जागी वेदना किंवा सूज फारशी नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलता येत नाही आणि मग श्वास थांबू लागतो. घोणशीचे लहान पिल्लू जाडसर आणि संथ असल्याने अजगराचे पिल्लू किंवा डुरक्या घोणस समजून उचलले जाते. या दोन्हींमध्ये सापाचा शांतपणाच माणसाला फसवतो.

मांडुळाचे उदाहरण उलट्या बाजूचे आहे. ते बिनविषारी, निरुपद्रवी, हातात घेतले तरी सहसा न चावणारे. गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी त्याची तस्करी होते आणि त्याचा गरीब स्वभाव त्यालाच महागात पडतो.

‘माझा नाग मला चावत नाही’ असे सांगणाऱ्या चित्रफितींकडे म्हणूनच सावधपणे पाहायला हवे. विषारी साप सरावतो, हे ग्लाउडास यांच्या अभ्यासातही दिसले. पण सराव म्हणजे हमी नव्हे. कात, भूक, दुखणे, उष्णता, अचानक आलेली कंपने यांपैकी कशानेही तो सराव क्षणात मोडू शकतो. बॉल पायथनच्या बाबतीत अशा क्षणाची किंमत दोन थेंब रक्त असते. नागाच्या बाबतीत ती प्राणाची असते. गारुडी नागाचे दात उपटतात किंवा तोंड शिवतात. त्यामागचे कारणही हेच. नाग कधीच पूर्ण भरवशाचा होत नाही, हे त्यांना ठाऊक असते. असे जखमी केलेले नाग पुढे उपासमारीने आणि जंतुसंसर्गाने मरतात. पाजलेले दूधही त्यांना पचत नाही.

कायदा काय सांगतो?

भारतात आढळणाऱ्या सापांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. ते पकडणे, घरात ठेवणे, विकणे किंवा त्यांचे खेळ करणे गुन्हा आहे. साप विषारी की बिनविषारी, याने फरक पडत नाही. अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. शेतात सापडलेले अजगराचे पिल्लू प्रेमाने वाढवतो, ही सबब कायद्यात बसत नाही.

परदेशी सापांचे नियम वेगळे आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीतील प्राणी बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्ले झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तर त्याचीही नोंद करावी लागते. बॉल पायथन या यादीत येतो. त्यामुळे विकत घेण्याआधी कागदपत्रे मागावीत. आणि कंटाळा आला म्हणून परदेशी साप जंगलात सोडणे तर कधीच नको. तो स्वतः मरेल किंवा इथल्या सापांना नवा रोग देईल.

हेमलकशाचा अपवाद इथे समजून घ्यावा. ते अनाथालय खासगी छंद म्हणून चालत नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेने ते चालते. तिथले चित्र पाहून घरी साप ठेवण्याचा परवाना कोणालाच मिळत नाही.

भामरागडकरांनी यातून काय घ्यावे?

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. भामरागडमध्ये इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. सापही याच काळात जास्त बाहेर पडतात. दवाखान्याचा रस्ता पाण्याखाली असताना टाळता येणारा प्रत्येक दंश टाळणे हाच खरा उपचार आहे.

घाबरलेल्या सापाविषयी आपण जे शिकलो ते इथे थेट उपयोगी पडते. पाळीव सापाला पळायची वाट आणि लपायची जागा दिली की तो शांत होतो. घरात शिरलेला सापही तसाच असतो. त्याला कोपऱ्यात कोंडले, काठीने ढोसले, शेपटी धरली, तर तो शेवटचा उपाय वापरणार. त्याऐवजी मुले आणि गुरे लांब न्यावीत, दहा-बारा फुटांवरून एकाने नजर ठेवावी, दार मोकळे सोडावे आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या प्रशिक्षित सर्पमित्राला कळवावे. स्वतः पकडून मोबाइलसमोर दाखवण्याचा मोह आवरावा.

रात्री जमिनीवर न झोपता खाटेवर झोपावे. खाट नसेल तर अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीपासून चांगले संरक्षण देते. अंधारात बॅटरी घेऊन, पाय आपटत चालावे. जमिनीची कंपने जाणवली की साप आधीच बाजूला होतो. सरपणात आणि धानाच्या भाऱ्यात हात घालण्याआधी काठीने हलवून घ्यावे.

दंश झालाच तर आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडाने विष ओढू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. अंगठी, कडे, बांगड्या काढाव्यात. दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेला दवाखाना गाठावा. साप मारून सोबत आणायची गरज नाही. भारतात मिळणारे प्रतिविष त्या चारही प्रमुख सापांवर एकत्रच चालते आणि डॉक्टर लक्षणांवरून उपचार ठरवतात.

पाळीव बॉल पायथनच्या मालकाला आणि भामरागडच्या शेतकऱ्याला साप एकच गोष्ट सांगत असतो, मला अंतर आणि वाट द्या. पेटीतल्या सापाशी हे अंतर महिनाभराच्या धीराने हळूहळू कमी करता येते. रानातल्या सापाशी ते कमी करायचेच नसते.